आधी ऐका, मग घ्या

आजचा भाग मी भिलाईहून बोलतेय. सेक्टर ६ मधलं आमचं क्वार्टर या महिन्यात रिकामं होतंय. माझ्या मागे जी लोखंडी ट्रंक दिसतेय ती आजोबांची. तिच्यात ६४ एलपी आणि ३८ जुन्या लाखेच्या तबकड्या आहेत. परवा कबाडीवाल्याने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, ये तो प्लास्टिक के भाव में जाएगा।" त्याचं चुकलं असं नाही, त्याच्या तराजूत ते प्लास्टिकच आहे. पण त्यातल्या ३८ तबकड्या प्लास्टिकच्या नाहीतच, आणि हे त्याला छत्तीसगडमध्ये राहून माहीत नसावं याची मला गंमत वाटली. त्याबद्दल पुढे बोलतेच.

आजचा विषय मुंबईचं ऱ्हिदम हाऊस. पण तो मी मुंबईतून न बोलता इथून बोलतेय, कारण अशा दुकानाची किंमत जे गावात राहतात त्यांच्यापेक्षा लांबून येणाऱ्यांना जास्त कळते.

आमच्या घराचा हिशेब असा. आजोबा नागपूरला शाळामास्तर. भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली फेब्रुवारी १९५९ मध्ये. त्यानंतर नागपूर-वर्ध्याकडची कितीतरी मराठी पोरं नोकरीसाठी इकडे आली, त्यांत माझे बाबा. आजोबा निवृत्त झाल्यावर १९६२ मध्ये आमच्याकडे राहायला आले ते ग्रामोफोन आणि ट्रंक घेऊनच. त्या सामानात अब्दुल करीम खाँसाहेबांची एक तबकडी होती, झिंझोटीतल्या ठुमरीची. दुर्ग स्टेशनवर हमालाच्या हातून ट्रंक आपटली आणि नेमकी तीच दुभंगली. आजोबांनी दोन्ही तुकडे कितीतरी वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते.

दुर्ग-रायपूरकडे रेकॉर्ड मिळत, पण मुख्यतः हिंदी सिनेमाच्या. मराठी नाट्यसंगीत, जुने खयाल हे सगळं चिठ्ठी लिहून कोणाकडून तरी मागवायचं. मागवलेली रेकॉर्ड जशी येईल तशी घ्यायची. वाकडी निघाली तर तुमचं नशीब. म्हणून १९७९ च्या मे महिन्यात, मी अकरा वर्षांची असताना, आजोबांनी ठरवलं की या वेळी मुंबईला मावशीकडे जातोच आहोत तर रेकॉर्ड स्वतः ऐकून आणायची. गीतांजली एक्स्प्रेस तेव्हा नवीनच सुरू झाली होती. दुर्ग ते मुंबई साधारण ११०० किलोमीटर. बाबा डब्यात सगळ्यांना सांगत होते की ज्या रुळांवरून आपण चाललोय ते आमच्याच रेल मिलमधले असतील. कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

दुकान होतं काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीपासून चार पावलांवर. मी आधी घोडा शोधला. तो नव्हता. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला होता. नुसतं नाव मागे राहिलं होतं. आता तिथे जो घोडा दिसतो तो २०१७ मध्ये बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही.

ऱ्हिदम हाऊस सुरू झालं १९४८ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीने पहिली लाँग प्लेइंग रेकॉर्ड, म्हणजे आपली एलपी, बाजारात आणली. हा योगायोगच, पण त्यामुळे या एका दुकानाच्या आयुष्यात लाखेची तबकडी, एलपी, कॅसेट, सीडी आणि शेवटी इंटरनेट असं सगळं येऊन गेलं. पुढे ते कर्मळी कुटुंबाने चालवलं. अगदी शेवटी महमूद कर्मळी गल्ल्यावर असायचे, मुंबईतल्या गाणं ऐकणाऱ्या पुष्कळ लोकांना ते ओळखीचे. शहरातल्या कार्यक्रमांची तिकिटंही तिथेच मिळत. त्यामुळे रेकॉर्ड न घेणारी माणसंसुद्धा आत यायची, आणि आत आली की काहीतरी ऐकायचीच.

ऐकायचीच म्हणाले, कारण तिथे ऐकायच्या छोट्या खोल्या होत्या. टेलिफोन बूथ आठवतो ना, तेवढ्याच. तुम्ही रेकॉर्ड निवडायची, आत जाऊन ऐकायची, आवडली तर घ्यायची. नाही घेतली तर कोणी डोळे वटारत नसे. आज फोनवर जगातलं कुठलंही गाणं तीस सेकंदांत ऐकता येतं, त्यामुळे यात एवढं काय असं वाटेल. पण तेव्हा रेकॉर्ड ही महागाची वस्तू होती आणि प्रत्येक प्रत वेगळी असे. तेच गाणं, तीच कंपनी, तोच क्रमांक. तरी एका प्रतीचं भोक किंचित बाजूला पडलेलं असतं आणि सूर गटांगळ्या खातो, दुसरी सरळ असते. आपल्याला गाणं आवडतंय की नाही हे तर बघायचं असायचंच, त्याबरोबर हातातली ही विशिष्ट वस्तू कशी आहे हेही तपासायचं असायचं.

आता तबकडी म्हणजे काय ते जरा बघू, कारण त्याशिवाय आजोबांची गोष्ट कळणार नाही.

ट्रंकेतली ही जुनी तबकडी. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे. जड आहे आणि पडली की काचेसारखी फुटते. ही लाखेची. लाख म्हणजे तीच, आपल्या जंगलातली. कुसुम, पळस, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे बसतात, फांदीचा रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. ते खरवडून, वितळवून, गाळून शुद्ध लाख होते. झारखंड आणि छत्तीसगड हे आजही लाखेचे मोठे प्रदेश. तबकडीत लाखेचा वाटा पाव हिस्सा किंवा त्याहून कमी. बाकी दगडाची बारीक पूड, काजळी, थोडे कापसाचे तंतू. पण या सगळ्याला बांधून ठेवायचं काम लाखेचं. १९४२ मध्ये युद्धामुळे इकडची लाख अमेरिकेत पोचेना, तेव्हा तिथल्या सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर मोठी कपात लावली आणि कंपन्या लोकांकडून जुन्या रेकॉर्ड गोळा करून त्या वितळवू लागल्या. आपल्या पळसावरच्या किड्याशिवाय तिकडचं गाणं अडलं होतं.

दगडाची पूड कशासाठी, असं विचाराल. ग्रामोफोनची सुई पोलादाची आणि तिच्यावर भार भरपूर. पुडीमुळे तबकडी कानसेसारखी होते, पहिल्या काही फेऱ्यांत ती सुईचं टोक घासून आपल्या खाचेच्या मापाचं करून घेते. म्हणजे झिजायचं सुईने, तबकडीने नाही. म्हणून दर बाजूला नवी सुई लावायची. आजोबांची सुयांची पत्र्याची डबी अजून आहे. आई म्हणते, भिलाईत लोखंडाला तोटा नव्हता, सुयांना होता.

एका बाजूला साधारण तीन मिनिटं. तासभर गाणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत राग उभा करायचा. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हापासून ही कसरत सुरू झाली. त्या काळच्या मुद्रणांत शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते, ते ठसक्याने सांगितल्यासारखं वाटतं खरं. त्याचं कारण मात्र साधं सांगितलं जातं: तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या, आणि तिथल्या माणसाला लेबलवर कोणाचं नाव घालायचं ते कळायला हवं.

आणखी एक. साधारण १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई मेणात खाच कोरायची. त्या खाचेत सेकंदाला दोन-अडीच हजार कंपनांच्या वरचं फारसं काही उतरत नसे. मायक्रोफोन आल्यावर हीच मजल पाच हजारांच्या आसपास गेली. तरुण माणसाचा कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे जुन्या तबकडीत वरचा केवढा तरी भाग नसतोच. खाँसाहेबांच्या त्या प्रसिद्ध तबकड्या मायक्रोफोन आल्यानंतरच्या, १९३० च्या दशकातल्या. १९३७ मध्ये ते गेले. त्यात गळा स्वच्छ ऐकू येतो, पण तंबोऱ्याची झिलई आपल्याला मनाने भरून घ्यावी लागते.

आता परत दुकानात जाऊ.

आजोबा तेव्हा बहात्तर-त्र्याहत्तरचे. म्हातारपणी कान जातो तो आधी वरच्या पट्टीचा जातो. स, श, फ ही अक्षरं हरवतात, चिमण्या हरवतात, लहान मुलांचं बोलणं अर्धं हरवतं. मी "सायकल" म्हटलं की ते "काय गं, आई कुठे?" म्हणायचे. पण ग्रामोफोनसमोर बसले की त्यांचं काही चुकत नसे. घरातल्यांना वाटायचं, म्हातारबुवा सोयीस्कर बहिरे आहेत. मला पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला: त्यांच्या कानातून जे गेलं होतं ते त्या तबकडीत मुळात नव्हतंच! आणि जुन्या तबकडीची जी खरखर आपल्याला छळते, तिचा बराचसा भाग वरच्या कंपनांचा. तो त्यांना ऐकू येत नव्हता. थोडक्यात, त्या घरात खाँसाहेब सर्वांत स्वच्छ ऐकणारे आजोबाच होते. आम्ही सगळे तळण्याचा आवाज ऐकत होतो.

हे सगळं तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. पण गल्ल्यामागच्या माणसाला त्यातलं काहीतरी कळलं असावं. आजोबांनी फुटलेल्या तबकडीची कथा सांगितली. तो म्हणाला, तबकडी आता मिळणार नाही, पण जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली एलपी आहे. त्याने दोन प्रती काढल्या, एक उजेडात तिरपी धरली आणि आजोबांना दाखवलं कसं बघायचं ते. सरळ बघितलं तर काही दिसत नाही. तिरपी धरून हळूहळू फिरवली की ओरखडा असेल तिथे उजेड मोडतो. मग त्याने आम्हाला खोलीत पाठवलं, आणि मला, आजोबांना नव्हे, म्हणाला, "बेबी, टिकटिक आली तर सांगायचं."

आम्ही दोघं आत. उन्हाळ्याची दुपार, आजोबांच्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. गाणं सुरू झालं आणि दोन मिनिटांत त्यांनी डोळे मिटले. सतरा वर्षांनी ऐकत होते ते. बाजू संपल्यावर त्यांनी विचारलं, "कचकच आहे का गं?" मी म्हटलं, "खरखर आहे, पण टिकटिक नाही." दुसरी बाजू ऐकली. मग दुसरी प्रत. दोन्ही चांगल्या होत्या. त्यांनी मला विचारून पहिली घेतली. अकरा वर्षांच्या पोरीला कोणी असं विचारतं का? मी परतीच्या गाडीत ती मांडीवर धरून बसले होते.

भिलाईला आल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी सगळे झोपलेले असताना, मी ती एकटीने लावायला गेले. आमच्याकडे तोवर एचएमव्हीचा फिएस्टा आला होता. हात घसरला. सुई पहिल्या बाजूवरून आडवी गेली. आवाज असा आला की मला वाटलं आई उठणारच, पण शिफ्टचा भोंगा त्याच वेळी झाला.

त्या दिवसापासून ठुमरी सुरू झाली की मागे टिक् यायचं. एलपीचे मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे दर १.८ सेकंदांनी एकदा. झिंझोटीचा ठेका आणि हा ठेका कधी जुळायचा, कधी नाही. आजोबांना तो ऐकूच आला नाही. शेजारचे काका, नागपूरहून आलेले पाहुणे, सेक्टर १० मधले भजनी मंडळाचे लोक, सगळ्यांना ते कौतुकाने ऐकवायचे: "मुंबईहून तपासून आणलीय, नातीने दोन्ही बाजू ऐकल्या, एक ओरखडा नाही." लोक माझ्याकडे बघायचे आणि मान डोलवायचे. कोणी काही बोललं नाही. १९८६ मध्ये आजोबा गेले. मीही बोलले नाही.

दुकानाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि पानाच्या टपरीवरही गाणं मिळू लागलं. ऱ्हिदम हाऊस त्यातून तरलं, कारण त्यांनी कॅसेटही ठेवल्या, मग सीडीही. काही दुकानांनी स्वतःच मुद्रणं काढायला सुरुवात केली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या शास्त्रीय संगीताच्या आणि पु. लं.च्या कॅसेट ज्यांच्या घरात नाहीत असं मराठी घर आमच्या सेक्टरमध्येही विरळा. पण गाणं फुकट डाउनलोड व्हायला लागल्यावर दुकान काय विकणार? फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस ऱ्हिदम हाऊस बंद झालं. त्याच महिन्यात मी गेले होते. काळा घोडा महोत्सवाची गर्दी होती. दुकानात लोक सीडी कमी बघत होते आणि फोटो जास्त काढत होते. मीही काढला, खोटं कशाला बोलू. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि २०१८ मध्ये त्याचा घोटाळा उघडकीस आल्यावर सक्तवसुली संचालनालयाने जप्त केली. रेकॉर्डच्या दुकानाचं नाव जप्तीच्या बातम्यांत वाचायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मजा म्हणजे त्याच सुमारास जगात रेकॉर्ड परत खपू लागल्या होत्या. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. मुंबईत माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब नावाचं दुकान आहे, तिथे नव्या एलपी मिळतात, प्लेअर मिळतात, आणि मुख्य म्हणजे बसून ऐकता येतं. जुना माल हवा तर चोरबाजारातली मटन स्ट्रीट. तिथे तुमचे डोळे हेच तुमचं हत्यार, कारण ऐकायला मिळेलच असं नाही.

तिथे जाणार असाल तर एवढं करा. रेकॉर्ड तिरपी धरून उजेडात फिरवा, वर सांगितलं तशी. मग मधल्या भोकाभोवतीचा लेबलचा कागद बघा. रेकॉर्ड लावताना माणूस भोक चाचपडतो, त्याच्या बारीक पांढुरक्या रेघा उठतात. रेघांचं जाळं असेल तर ती खूप वाजलेली आहे, विकणारा काहीही म्हणो. नजरेच्या पातळीत आडवी धरून वाक बघा. मुंबईच्या मालाला बुरशीचे ठिपके असतात, ते बरेचदा धुऊन जातात. आमच्याकडच्या मालाला वाक असतो, कारण भिलाईच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली एलपी पापडासारखी होते, आणि तो वाक सहसा जात नाही. एलपी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आणि लाखेची तबकडी एलपीच्या सुईने कधी वाजवू नका. तिची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. बारीक सुई तळाशी लोळते, नुसती घरघर ऐकू येते आणि सुई जाते. फिएस्टासारख्या जुन्या प्लेअरला सुई उलटवायची छोटी कळ असते, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. ती आधी बघा.

या ट्रंकेचं काय करायचं ते आता जवळजवळ ठरलंय. गीतरामायणाचा १९६५ चा दहा रेकॉर्डचा संच होता. त्यातल्या तीन कोणीतरी वाचायला पुस्तक न्यावं तशा नेल्या आणि आणल्या नाहीत, उरलेल्या सात शेजारच्या काकूंना हव्यात. लाखेच्या तबकड्या माझ्याबरोबर येतील, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. हमालाच्या हाती देणार नाही. वाकलेल्या एकवीस एलपी कबाडीवाला नेईल. भाव त्याने वाढवला नाही.

काल रात्री रिकाम्या हॉलमध्ये फिएस्टा लावला. सामान नसल्यामुळे आवाज घुमत होता. ठुमरी लागली आणि दर पावणेदोन सेकंदांनी टिक्. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिला सांगितलं की ते मी केलं होतं, १९७९ मध्ये, दुपारी.

आई म्हणाली, "ते कॉलनीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी बाजू लाव."